घुंगराची काठी

जपानहून परतलो आणि रविवारी वस्तीतल्या विहारात वंदनेला गेलो, तर एका जुन्या कार्यकर्त्यांनी दारातच अडवले. "काय हो दादा, काय हो ताई, बाबासाहेबांनी आपल्याला पंढरीची वाट सोडायला लावली आणि तुम्ही परदेशात जाऊन वारी करून आलात?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न खोटा नव्हता. निघण्यापूर्वी आम्हा उभयतांनाही त्याने झोपू दिले नव्हते. त्याचे उत्तर उभ्याउभ्या देता आले नाही, म्हणून हे चार शब्द.

आमची लेक नोकरीनिमित्त ओसाकाला असते. तिच्याकडे गेलो असता शिकोकू बेटाची माहिती मिळाली. जपानच्या चार मुख्य बेटांपैकी हे सर्वांत लहान. त्याला वळसा घालत ८८ बौद्ध मंदिरांची वाट जाते. लांबी सुमारे १२०० किलोमीटर. पायी चालणाऱ्याला चाळीस-पन्नास दिवस सहज लागतात. आज बहुतेक लोक बसने किंवा मोटारीने फिरतात, पण चालणारेही आहेत. शिंगोन पंथाचे संस्थापक भिक्खू कुकाई (७७४-८३५) यांच्या नावाने ही यात्रा चालते. लोक त्यांना आदराने कोबो दाइशी म्हणतात. आमच्या वयाला पूर्ण वाट झेपणारी नव्हती. तोकुशिमा भागातली पहिली २३ मंदिरे आम्ही दोन आठवड्यांत पायी केली. सुरुवातीचे चार दिवस लेक सोबत होती.

पहिल्या मंदिराचे नाव ऱ्योझेन्जी. या नावातला डोंगर म्हणजे आपल्या राजगीरचा गृध्रकूट, हे कळले तेव्हा ऊर भरून आला. तिथे यात्रेकरू पांढरा सदरा, गवती टोपी आणि काठी घेतात. वाटेत मरण आले तर तेच कफन, म्हणून पांढरा रंग, असे तिथले लोक सांगतात. आम्हाला मात्र १९५६ ची दीक्षाभूमी आठवली. तिथेही आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसूनच गेली होती. सदरा आनंदाने घातला. काठी हाती आली आणि मन थबकले. काठीला घुंगरू होते!

वाचकहो, आम्हा दोघांच्याही घरी येसकरकी होती. आजोबांच्या खांद्यावर घोंगडी आणि हातात घुंगराची काठी. काठी वाजली की गावाला कळायचे, महार आला. दिवसभर सरकारी कामाला पळायचे आणि सांजेला त्याच काठीने दारोदार भाकरी मागायची. वरून टाकलेली भाकर खाली पदरात झेलायची. ती वतनदारी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. वतन कायद्याने संपले ते १९५८ साली, बाबासाहेबांच्या पश्चात. आमच्या घरातली काठी आजीने चुलीत घातली, असे वडील सांगत. आणि आम्ही पैसे मोजून घुंगराची काठी विकत घेत होतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी शेताकडेच्या घरातून एक म्हातारी लगबगीने बाहेर आली. ओंजळीत संत्री आणि कागदात गुंडाळलेले भाताचे गोळे. आमच्यापुढे धरले. आमचा हात पुढे होईना. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा म्हणून सांगितले, त्या शब्दावर आमची घरे उभी राहिली. आता वाटेवर उभे राहून परक्याचा घास कसा घ्यायचा? लेक हळूच म्हणाली, "आई, दादा, घ्या. याला ओसेत्ताई म्हणतात. इथे यात्रेकरूला दिलेले दान नाकारत नाहीत."

आम्ही घेतले. आणि पाहतो तो काय, म्हातारीच कमरेत वाकली आणि आमचे आभार मानू लागली. घेणारा ताठ उभा आणि देणारी वाकलेली! आम्हीही खाली वाकलो. रिवाजाप्रमाणे नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी तिला दिली. तिने ती कपाळाला लावली. आडनाव काय, गाव कुठले, कोणापैकी, असे काही विचारले नाही. विचारले ते एवढेच, "पाय दुखतात का?"

भीक आणि दान यांतला फरक पुस्तकात वाचला होता. तो त्या दिवशी हातात पडला. भीक घेणाऱ्याला लहान करते. दानाने दोघांचीही मान राहते.

दहावे मंदिर करून योशिनो नदीच्या पुलावर आलो. लेकीने काठ्या उचलून धरायला लावल्या. पुलावर काठी टेकायची नाही. दंतकथा अशी, की कोबो दाइशींना एका गावात कोणी आसरा दिला नाही, तेव्हा ते पुलाखाली झोपले. त्यांची झोप मोडू नये म्हणून. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. त्या पुलावर आम्ही काही बोललो नाही.

बाराव्या मंदिराची डोंगरवाट फार कठीण. तेरा किलोमीटर नुसता चढउतार. अंधार पडता पडता मुक्कामावर पोचलो. घरधनीण बाई बादली घेऊन आली. आम्हाला वाटले, पाय धुवायला. तिने आधी आमच्या काठ्यांची टोके धुतली, पुसली आणि घरातल्या मानाच्या कोपऱ्यात उभी केली. काठी म्हणजे साक्षात दाइशी, अशी त्यांची भावना. ते पाहून आम्हा दोघांच्याही डोळ्यांना धार लागली. त्या बाईला वाटले, पाय फार दुखत असतील.

सगळेच पटले असे नाही. तेविसाव्या मंदिरात लोक अशुभ वय टळावे म्हणून पायरीपायरीवर नाणे ठेवतात. बायकांच्या ३३ पायऱ्या, पुरुषांच्या ४२. आम्ही एकही नाणे ठेवले नाही. कुठल्याच मंदिरात नवस बोललो नाही. प्रत्येक ठिकाणी हात जोडून पालीतून त्रिशरण-पंचशील म्हटले. शेजारचे लोक त्यांचे सूत्र म्हणत. कोणाला कोणाची अडचण झाली नाही.

तेव्हा दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. पुण्य मिळवायला गेलो असतो तर ती वारीच झाली असती. आम्ही एक घास मानाने घ्यायला आणि मानाने द्यायला शिकून आलो. येत्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लांबून माणसे येतील. त्यांना पाणी-जेवण देणारे आपल्यात पुष्कळ आहेत. यंदा आम्हीही पंगतीला उभे राहणार आहोत. वाढताना वाकून वाढू.

काठी घरात बुद्धमूर्तीजवळ उभी आहे. नातू येता-जाता घुंगरू वाजवतो. आम्ही त्याला रागावत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!