दिमडीवरची घोरपड

पळस्पे फाट्याच्या आजूबाजूला पूर्वी भाताची खाचरं होती आणि बांधांवर घोरपडी. पाऊस उघडला की वारुळापाशी एखादी उन्हाला पडलेली दिसायची. लग्नानंतर कुणाकडे खंडोबाचं जागरण असलं, की तिचंच कातडं दिमडीवर वाजायचं. पातळ, चिवट कातडं. ते सैल पडलं की जागरण घालणारा वाघ्या शेगडीच्या धगीवर दिमडी धरायचा, टिचकी मारून बघायचा आणि पुन्हा उभा राहायचा. मग जो टिपेचा, खणखणीत ठोका निघायचा, त्याच्यामागे तुणतुणं आणि घोळ धावत सुटायचे. तो नाद मला आजही हवासा वाटतो.

कातडं कुठून आलं, हे मात्र तेव्हा कुणी विचारत नसे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. आज घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिच्या शिकारीला किमान 3 वर्षांची कैद आहे.

आता खाचरांच्या जागी गोदामं आणि कंटेनरचे तळ आलेत. दिमडी बकऱ्याच्या कातड्याची, नाहीतर फायबरची मिळते. आवाज थोडा जड येतो, हे जुन्या कानांना कळतंच. तरी मी ही दिमडी आनंदानं ऐकतो. बकरं मांसासाठी कापलं जातं, कातडं त्यामागून येतं. ते कुठलं, हे विचारलं तर सांगता येतं. परदेशात पर्ससाठी मगरी पाळतात, त्यांच्या कातड्याच्या व्यापाराला वन्यजीव-व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागतात. आपल्याकडे घोरपडीच्या कातड्याला असा सरळ मार्गच नाही. प्रत्येक कातडं म्हणजे बांधावरचे उंदीर, खेकडे, किडे खाणारी एक घोरपड कमी.

आमच्या फाट्यावरून निघणारा रस्ता जिथे जातो, त्या गोव्यात घुमटाचीही हीच गोष्ट. मातीच्या त्या घटाचं तोंड घोरपडीच्या कातड्यानं मढवत. वादक बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, आणि 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. घुमटावरच्या आरत्या थांबल्या नाहीत. इथलं जागरणही थांबलेलं नाही.

दिमडी किंवा घुमट घ्याल, तेव्हा कातडं कशाचं ते दुकानदाराला आधी विचारा. घोरपडीचं म्हणाला तर घेऊ नका, आणि वन विभागाला 1926 वर कळवा.