दातांची तरतूद

अठ्ठाविसाव्या वर्षी माणूस फ्लॅटचं डाउन पेमेंट, एसआयपी, फार तर टर्म इन्शुरन्स यावर डोकं खाजवतो. दातांवर नाही. पण आमचे बाबा पुढच्या महिन्यात रिटायर होतायत आणि गेले तीन आठवडे आमच्या गिरगावच्या दोन खोल्यांत एकच विषय चाललाय : दातांचा वेगळा इन्शुरन्स काढायचा की नाही?

कारण असं की ऑफिसची ग्रुप मेडिक्लेम रिटायरमेंटबरोबर संपतेय. त्यात दोघांच्या दातांसाठी वर्षाला थोडी रक्कम मिळायची, तीही जाणार. बाबांच्या खालच्या दोन दाढा कुरकुरतायत. आणि आई? ती कितीतरी दिवस एकाच बाजूने चावतेय, हे आम्हाला आत्ता कळलं. लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेला चिवडा तिने "तुम्ही खा, मला नको" म्हणून बाजूला सारला, तेव्हा. चिवड्याला नको म्हणणारा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही, त्यामुळे शंका आली.

तर मंडळी, शनिवारी एक्सेल उघडून बसलो. (इंजिनियर, दुसरं काय करणार!)

पहिली गोष्ट कळली ती ही, की अमेरिकेत मिळते तशी फक्त दातांची पॉलिसी आपल्याकडे साध्या माणसाला सहज मिळत नाही. नेहमीची हेल्थ पॉलिसी मुख्यतः हॉस्पिटलात दाखल झाल्यावर कामाला येते. २०२० साली सुरू झालेली 'आरोग्य संजीवनी' घ्या. आजारामुळे किंवा अपघातामुळे लागणारे दातांचे उपचार त्यात आहेत, पण अ‍ॅडमिट झालात तर. आता रूट कॅनॉलसाठी कोण अ‍ॅडमिट होतं? खुर्चीत आडवं व्हायचं, तोंड सुन्न करून घ्यायचं आणि तासाभरात घरी. म्हणजे उरतो तो ओपीडीचा जादा कव्हर. वरचा प्रीमियम भरा, मग डॉक्टरची फी, तपासण्या आणि काही पॉलिसींत दातांचाही खर्च मिळतो. तोही वर्षाच्या एका मर्यादेपर्यंत.

समजा ही मर्यादा १०,००० रुपये आहे आणि तिच्यासाठी जादा प्रीमियम ६,००० रुपये. मर्यादा पूर्ण वापरली तरी फायदा ४,०००. ज्या वर्षी काहीच काम निघालं नाही त्या वर्षी ६,००० गेले. आणि खरंच मोठं काम निघालं, दोन-तीन इम्प्लांट वगैरे, तर १०,००० कुठल्या कुठे उडतात.

असं का, याचा विचार केला तर उत्तर सोपं आहे. हजारातल्या एकाचं घर जळतं आणि बाकीच्यांच्या प्रीमियममधून त्याला पैसे मिळतात, हा विमा. दातांचं तसं नाही. साठीनंतर बहुतेकांचं काही ना काही निघतंच. सगळेच क्लेम करणार असतील तर ती भिशी झाली, फक्त भिशी चालवणारा आपला खर्च आणि नफा आधी काढून घेतो! ब्रिटनने १९४८ साली आरोग्यसेवा मोफत केली, त्यात कवळ्याही होत्या. मागणी अपेक्षेपेक्षा जास्त आली, खर्च फुगला आणि १९५१ साली कवळ्या-चष्म्यांवर पैसे आकारायचं ठरलं. ही सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपद सोडलं. सरकारला जे झेपलं नाही ते ६,००० च्या प्रीमियममध्ये कसं बसणार?

हे सगळं मी बाबांना रविवारी सकाळी चहाबरोबर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे रे. पण क्लेम केला तर तो माझा हक्क. तुझ्याकडे मागितले तर ते मागणं."

यावर एक्सेलमध्ये कॉलम नव्हता.

"काहीतरीच काय बाबा, तुम्ही मागायचं कशाला," असं म्हणणं सोपं होतं. पण खरं सांगायचं तर आई एका बाजूने का चावत होती? विचारलं तर म्हणाली, "यांची रिटायरमेंट तोंडावर आलीय, आता कुठे खर्च काढायचा?" म्हणजे प्रश्न दातांचा नव्हताच. पगार थांबल्यावर स्वतःसाठी खर्च करायचा अधिकार कुणाचा, हा होता.

शेवटी आमचं ठरलं ते असं :

१. हेल्थ पॉलिसी हवीच, तिच्यात काटकसर नाही. ग्रुप पॉलिसी संपायच्या आत त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करायचा, म्हणजे आधीची वर्षं वेटिंग पिरियडमध्ये धरली जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय.

२. दातांचा वेगळा कव्हर नाही. त्याऐवजी आई-बाबांच्या जॉइंट खात्यात ग्रॅच्युइटीतले ६०,००० रुपये 'दात' या नावाने बाजूला, आणि दर महिन्याला ५०० रुपये माझ्याकडून. पैसे त्यांच्या नावावर, सही त्यांची, मला विचारायचं नाही. वापरले नाहीत तर बुडत नाहीत.

३. ग्रुप पॉलिसी चालू आहे तोवर तिच्यातली दातांची रक्कम वापरून घ्यायची. दोघांच्या अपॉइंटमेंट घेतल्यात.

४. मोठं काम निघालं तर आधी मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल. १९३३ पासूनचं कॉलेज आहे, विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त, खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. रिटायर माणसाकडे वेळ असतोच, असं बाबाच म्हणाले.

कलम दोन वाचून बाबांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली : खात्यात पहिली सही आईची.

तुमच्या घरी कुणाची रिटायरमेंट जवळ आली असेल तर पीएफ, पेन्शन, मेडिक्लेम याबरोबर एवढंही विचारा, की कुठल्या बाजूने चावता? उत्तर लगेच मिळेलच असं नाही. चिवडा पुढे करून बघा.