संवत १९७४ चा पाव आणा

छंद लागतो तेव्हा तो अगदी निरुपद्रवी वाटतो. मला नाण्यांचा छंद लागला तो उज्जैनच्या रामघाटावर. सायंकाळी क्षिप्रेची आरती झाली की पायऱ्यांवर घटकाभर बसावे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. भाविक नदीत नाणी सोडतात आणि घाटावरची मुले ती काढतात. दोरीला बांधलेले लोहचुंबक पाण्यात फिरवले की अलीकडची पोलादी नाणी त्याला चिकटून येतात. तांबे मात्र चुंबकाला दाद देत नाही. त्यासाठी बुडी मारून गाळ चाचपावा लागतो. अशाच एका बुडीतून वर आलेला ग्वाल्हेर संस्थानचा पाव आणा मी प्रथम पाहिला.

उज्जैन त्या संस्थानातलेच. संस्थानच्या पाव आण्यावर विक्रम संवत घातलेला असे. ज्या विक्रमादित्याच्या नावाचा हा संवत, त्याचीच ही नगरी. हा योग मला फार गोड वाटला. संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन मिळतो. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीतले १९७० आणि १९७४, म्हणजे सन १९१३ आणि १९१७. जिवाजीरावांच्या कारकिर्दीतले १९८६ आणि १९९९, म्हणजे सन १९२९ आणि १९४२. या चार संवतांसाठी मी वहीत चार चौकोन आखले. ही नाणी काही दुर्मिळ नव्हेत. व्यापाऱ्याकडे सहज मिळाली असती. परंतु माझा हट्ट असा, की चारही क्षिप्रेतूनच निघालेली हवीत. आपल्यासारख्याच एखाद्या मराठी घरातल्या आजीने पर्वकाळी ओंजळीतून सोडलेला तो पैसा आपल्या हाती यावा, ही त्यामागची भावना.

तीन चौकोन दोन वर्षांत भरले. १९७४ चा काही केल्या मिळेना. पुष्कळ नाण्यांवरचे आकडे पाण्याने झिजून गेलेले असत. शेवटी घाटावरच्या एका मुलाला मी सांगितले, "तो आणशील तर पन्नास रुपये देईन." मुलगा माझ्याच शाळेतला, सातवीचा. त्याची आई घाटावर दिवे आणि फुले विकते.

सोमवती अमावास्येचे स्नान झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो माझ्या कचेरीच्या दारात उभा राहिला. केसांतून पाणी ठिबकत होते. मूठ उघडून म्हणाला, "मास्साब, चौहत्तर वाला मिल गया!"

आकडे स्पष्ट होते. मी भिंगातून पाहत असतानाच वर्गशिक्षक हजेरीपत्रक सहीसाठी घेऊन आले. त्या मुलाच्या नावापुढे 'अ' ची रांग लागली होती. मी कठोर स्वरात विचारले, "इतके दिवस कुठे होतास?" तो गोंधळून म्हणाला, "सुबह-सुबह ही तो मिलता है, मास्साब. आप ही ने तो मँगवाया था."

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. गैरहजर मुलांच्या पालकांना चिठ्ठ्या पाठवणारा मुख्याध्यापक मीच, आणि त्या मुलाला नदीत उतरवणाराही मीच. माझ्या वहीतला एक चौकोन भरावा म्हणून हजेरीपत्रकातले किती चौकोन मी रिकामे केले होते!

कबूल केलेले पैसे मी दिले आणि त्याला ओल्या केसांनीच वर्गात बसवले. सायंकाळी त्याच्या आईला भेटलो आणि मुलांकडून यापुढे नाणी घेणार नसल्याचे सांगितले. तिने सरळ विचारले, की मग त्या पैशांचे काय? पोराच्या नाण्यांवर घरातले तेल-मीठ येत होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. बऱ्याच बोलण्यानंतर एवढे ठरले, की त्याने नदीत उतरायचे ते रविवारी आणि सुटीच्या दिवशीच.

मुलगा आता आठवीत आहे. रोज येतो असे लिहिले तर खोटे ठरेल; पण येतो. संवतातून सत्तावन्न वजा करणे त्याला तोंडी जमते.

चौथा चौकोन भरला, संच पूर्ण झाला. ज्या दिवसाची दोन वर्षे वाट पाहिली, त्या दिवशी मी वही मिटून ठेवली. अजूनही घाटावर जातो. कोणी मूठ उघडून नाणे दाखवले, तर ते हाती घेण्याआधी विचारतो, "आज शाळा नव्हती का रे?"