घोट्यांपाशी घुमणारा स्वर

विद्युत गिटार वाजविणाऱ्या तरुणांची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. खोलीत वाजविताना जो स्वर भरदार वाटतो, तोच घरी ध्वनिमुद्रित करून ऐकला की किरटा आणि बोचरा निघतो. मग दोष वाद्याच्या माथी मारला जातो. आमच्या परिचयातील एका युवकाने तर याच कारणास्तव गिटार विकावयास काढली. वडिलांनी हप्त्याने घेऊन दिलेली गिटार!

वास्तविक विद्युत गिटार हे एकटे अर्धेच वाद्य होय. तारेच्या कंपनाने पिकअपमध्ये उमटलेला क्षीण विद्युतसंदेश अॅम्प्लिफायरमधून बहुधा बारा इंची स्पीकरपर्यंत पोचतो, तेव्हा कोठे ते पुरे होते. हा स्पीकर साधारणतः ५,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर पडू देत नाही. स्वरातले काटे तोच काढतो. त्याला वगळून गिटार थेट संगणकाच्या इंटरफेसला जोडली, की काटे जसेच्या तसे मुद्रित होतात. शेजाऱ्यांच्या भयाने अॅम्प्लिफायर लावता येत नसेल (आणि सोसायटीत हे भय खरेच असते), तर स्पीकरची नक्कल करणारी संगणकप्रणाली अवश्य वापरावी. वायरही गिटारसाठी राखलेल्या इनपुटलाच जोडावी. पिकअपला सुमारे १ मेगओहम रोध मानवतो. त्याहून बराच कमी असल्यास स्वराची धार बोथट होते.

अॅम्प्लिफायर असूनही स्वर बोचतो, याचे कारण मात्र गमतीचे आहे. तो असतो जमिनीवर आणि आपण असतो उभे. स्पीकरच्या मध्यातून निघणारा तीव्र झोत आपल्या घोट्यांवर आदळतो. कानांपर्यंत येतो तो मवाळ झालेला स्वर. मायक्रोफोन बिचारा नेमका त्या झोतासमोर ठेवला जातो आणि ऐकतो तेच लिहून घेतो! तेव्हा तो मध्यावरून कडेकडे सरकवावा. दोन बोटांच्या अंतरानेही स्वर पालटतो. घरोघरी वापरला जाणारा श्योर एसएम ५७, जो १९६५ पासून चालत आला आहे, जाळीच्या अगदी जवळ नेला की खर्ज फुगतो. थोडा दूर घेतला की ओसरतो. त्या युवकाला आम्ही एवढेच सुचविले, की बाबा रे, गिटार विकण्यापूर्वी एक संध्याकाळ या सरकवासरकवीला दे. एकच ओळ पाच ठिकाणांहून मुद्रित कर आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐक.

ऐकतानाही आवाजाची पातळी सारखी ठेवावी. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज व तार दोन्ही कमी जाणवतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखविले. मोठ्याने ऐकलेले नेहमीच सरस वाटते, ही फसगत वेगळीच.

बॉस्टन या वाद्यवृंदाचा १९७६ मधील पहिला संग्रह टॉम शोल्झ यांनी बव्हंशी स्वतःच्या घराच्या तळघरात मुद्रित केला. शोल्झ शिक्षणाने यंत्र अभियंता. अॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीने चालावा, पण ध्वनी बेताचाच यावा, म्हणून त्यांनी मधली शक्ती शोषून घेणारे उपकरण घडविले आणि पुढे ते विक्रीसही आणले. त्यांच्या गिटारी इतक्या घनदाट ऐकू येतात, त्याचे एक कारण म्हणजे तेच सुरावर्तन पुन्हा पुन्हा वाजवून एकावर एक रचलेले आहे. एकदा वाजवून संगणकावर त्याची प्रत काढल्याने हे साधत नाही. ते दुसऱ्यांदा वाजवावेच लागते.