राहुटीच्या दारात

माझा भाचा सेव्हिलहून तीन वर्षे एकच मजकूर कळवीत होता, "मावशी, माझी काळजी करू नका. इथे मला पुष्कळ मित्र आहेत." 2024 च्या एप्रिलात रजा काढून मी ते मित्र पाहायला गेले, आणि गाठ पडली ती तिथल्या जत्रेशी.

जत्रा कसली, आठवड्यापुरते वसलेले गावच ते! पिवळ्या मातीचे रस्ते, वर कागदी कंदिलांच्या माळा आणि दुतर्फा पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी राहुट्या, हजाराच्या वर. त्यांना तिथे 'कासेता' म्हणतात. दिवसा घोडागाड्या मिरवतात. झालरींवर झालरी लावलेले झगे घालून, केसांत भले मोठे फूल खोवून सत्तरीच्या आजीबाईसुद्धा ऐटीत चालतात. मुली हसतील म्हणून मी शाळेत गजरा माळायचे सोडले, ते उगाच आठवले.

मुळात हा गुरांचा बाजार. 1846 मध्ये इबारा आणि बोनाप्लाता या दोन नगरसेवकांनी तो सुचवला, आणि 1847 च्या एप्रिलात सान सेबास्तियानच्या माळावर पहिला भरला. गंमत अशी की, एक बास्क, दुसरा कातालान. दोघेही सेव्हिलला उपरेच! पुढे गुरे गेली, नाचगाणे उरले. 1973 मध्ये जत्राही नदीपलीकडे लोस रेमेदिओसला गेली.

पण राहुट्या बहुतेक खाजगी. कुणा घराण्याच्या, कुणा मंडळाच्या. आतल्या कुणी बोलावले तरच पाऊल टाकायचे. आम्ही दोन तास हिंडलो. भाचा एकेका दाराशी रेंगाळे, आत डोकावी आणि म्हणे, "आमचे लोक अजून आलेले दिसत नाहीत." चौथ्या दाराशी मला कळले. मला कळले हे त्यालाही कळले.

"पाय दुखले रे माझे," मी म्हटले. "सगळ्यांना बसू देतात अशी एखादी नाही का?"

होती. शहरातल्या विभागांच्या काही राहुट्या सर्वांना खुल्या असतात. तिथे गर्दीत कोपरा मिळाला. त्याने मोठ्या हौसेने तळलेल्या माशांची बशी आणली. त्या दिवशी माझा सोमवार. त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मुकाट्याने खाल्ले.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या एका आजीबाईंनी त्याला हात धरून उठवले. 'सेव्हियानास' नाचाचे भाग चार. हा चारही भागांत चुकला. आजीबाई पोट धरून हसल्या, पण हात सोडला नाही.

घामाघूम होऊन तो परतला. जरा वेळाने खाली बघत म्हणाला, "मावशी, आईला काय सांगाल?"

"तू माझा सोमवार सांगू नकोस, म्हणजे झाले."