उजेडाचे आकडे

संगणकात साठलेल्या हजारो छायाचित्रांतून हवे ते शोधायचे म्हटले की आपण तारीख आठवतो, नाहीतर गाव, नाहीतर चेहरा. याखेरीज आणखी एक वाट आहे, आणि तिच्याकडे फार थोडे लोक वळतात. डिजिटल छायाचित्राच्या मूळ फाइलीत कॅमेऱ्याने काही आकडे लिहून ठेवलेले असतात: शटर किती वेळ उघडे होते, अ‍ॅपर्चर किती मोठे होते, आयएसओ (म्हणजे उजेडाची संवेदनशीलता) किती होता, भिंगाची फोकल लेंग्थ किती होती, फ्लॅश उडाला की नाही. ही नोंद कशी लिहायची याचा नियम १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ठरवला. त्याला एक्झिफ म्हणतात. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये, किंवा फुकट मिळणाऱ्या डिजिकॅममध्ये, या आकड्यांची चाळणी लावून चित्रे वेगळी काढता येतात. ही सोय कॅमेऱ्याच्या हौशी मंडळींपुरतीच आहे, असे सहसा मानले जाते. मला मात्र ती संग्रहात शिरण्याची फार विश्वासाची वाट वाटते. त्या क्षणी तिथे किती उजेड होता याचे मोजमाप या आकड्यांत आहे, आणि ते एकदा हरवले की बहुधा पुन्हा कुठून मिळत नाही.

ही काव्यात्म अतिशयोक्ती नाही, साधे गणित आहे. लख्ख उन्हात आयएसओ १०० ठेवला तर अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यावर चित्र नीट येते, हा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा. पणतीच्या उजेडातला चेहरा टिपायचा तर आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर एफ/२ आणि सेकंदाचा तिसावा भाग अशी काहीतरी जुळणी लागते. दोन्हींची तुलना केली तर पणतीपाशी उन्हाच्या तीन हजाराव्या भागाहूनही कमी उजेड होता, असे निघते. चित्रात दोन्ही चेहरे सारखेच उजळ दिसतील. फरक ठाऊक असतो तो फक्त या तीन आकड्यांना. म्हणून आयएसओ १६०० च्या वर, शटर तिसाव्या भागाहून संथ आणि फ्लॅश उडालेला नाही अशी चाळणी लावली, तर जे हाती येते ते कुठल्याही अल्बममध्ये एकत्र आलेले नसते. दिवाळीच्या पहाटेचे अंगण, देवळाचा अंधारा गाभारा, वीज गेलेल्या संध्याकाळी कंदिलाभोवती बसलेली घरची माणसे, झिरोच्या दिव्यात मच्छरदाणीखाली झोपलेले मूल. वर्षे वेगळी, गावे वेगळी, माणसे वेगळी, पण उजेड एका जातीचा. या चित्रांना मिळून एक नाव कुणी दिलेले नसते, कारण ती एका जातीची आहेत हे टिपताना सुचलेलेच नसते. भर दुपारच्या चित्रांत संथ शटर शोधले, म्हणजे पाव किंवा अर्ध्या सेकंदाचे, तर सह्याद्रीचे धबधबे दुधासारखे सांडलेले सापडतात. दोनशे मिलिमीटरच्या पुढची फोकल लेंग्थ मागितली तर बहुतेक ती चित्रे येतात ज्यांत टिपणाऱ्याला जवळ जाता येत नव्हते: फांदीवरचा धनेश, स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावरची आपली मुलगी. काय टिपले एवढेच नव्हे, कुठे उभे राहून टिपले हेही आकड्यांत उतरलेले असते.

तारीख एवढी महत्त्वाची असताना उजेडाचे एवढे कौतुक का, असे कुणी विचारील. त्याला अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सच्या 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' या चित्राचा इतिहास चोख उत्तर देतो. संध्याकाळी मोटारीने परतताना हर्नांडेझ गावापाशी त्याला वर चढलेला चंद्र आणि खाली दफनभूमीतले मावळतीच्या उन्हात चमकणारे पांढरे क्रूस दिसले. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते एवढे त्याला पाठ होते. त्यावरून त्याने हिशेब केला आणि एफ/३२ वर एक सेकंद शटर उघडले. दुसरी प्रत घ्यायच्या आत क्रुसांवरचे ऊन गेले. हा हिशेब त्याने पुढे अनेक वर्षांनी पुस्तकात सविस्तर सांगितला, पण तारीख त्याच्या लक्षात राहिली नव्हती. १९४० ते १९४४ पर्यंतची वेगवेगळी साले या चित्राखाली लागत राहिली. अखेर खगोलशास्त्राकडे जावे लागले. १९८१ साली डेव्हिड एल्मोर यांनी चंद्राच्या स्थितीवरून ३१ ऑक्टोबर १९४१ हा दिवस काढला, आणि १९९१ साली डेनिस डी चिको यांनी तो दुरुस्त करून १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे चार वाजून ४९ मिनिटे, इथवर नेला. आता उलट कल्पना करा. अ‍ॅडम्सने तारीख नोंदवली असती आणि एफ/३२ व एक सेकंद हे विसरला असता, तर कुठला खगोलशास्त्रज्ञ ते आकाशातून काढून देऊ शकला असता? तारखेला आकाश साक्षीदार असते. शटर किती वेळ उघडे राहिले याला टिपणाऱ्याखेरीज साक्षीदार नाही.

नोंद चित्रालाच चिकटून राहावी ही इच्छा डिजिटल कॅमेऱ्याच्या पुष्कळ आधीची आहे. १९१४ साली कोडॅकने ऑटोग्राफिक कॅमेरे आणले. पाठीवरची छोटी झडप उघडायची, टोकदार कांडीने कागदावर लिहायचे, आणि ते अक्षर फिल्मच्या दोन चौकटींमध्ये उमटायचे. ही कल्पना हेन्री गेसमन यांची. कोडॅकने त्यांना तीन लाख डॉलर दिले. तरी ती पद्धत टिकली नाही. मला वाटते, चित्र टिपल्यावर थांबून लिहायचे हे काम माणसावर टाकले होते, आणि माणूस क्षणात रमलेला असतो.

आजचा सर्वांत मोठा आक्षेप असा की, यंत्र चित्र पाहून ओळखू लागल्यावर आकड्यांची गरजच काय? फोनला 'दिवा' म्हटले की दिवे येतात. येतात खरे, आणि ती सोय मोलाची आहे. पण ते ओळखणे चित्रात जे दिसते त्यावरचा अंदाज असतो. पौर्णिमेच्या रात्री मोकळ्या माळावर एफ/४, आयएसओ ४०० ठेवून तीस सेकंद शटर उघडे ठेवा. आकाश निळे येते, गवत हिरवे येते, बघणाऱ्याला दिवसच वाटतो. ती रात्र होती हे सांगणारा भक्कम पुरावा म्हणजे तीस हा आकडा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: फोनमध्ये सगळे आपोआप ठरते, मग त्या आकड्यांत माणसाचे काय? माणसाची निवड त्यात कमी असते, हे मान्य. पण आपोआप ठरते ते उजेड पाहूनच. उजेडाची साक्ष म्हणून ते आकडे उलट अधिक निर्मळ. रात्रीच्या खास मोडमध्ये फोन अनेक चौकटी एकत्र करतो, तिथे शटरच्या आकड्यावर जपून विश्वास ठेवावा लागतो. पोर्ट्रेटमधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने केलेली असेल तर अ‍ॅपर्चरवरून तिचा पत्ता लागत नाही. जुने हाताने फिरवायचे भिंग अडॅप्टर लावून वापरले, तर कॅमेऱ्याला अ‍ॅपर्चर कळतच नाही आणि तिथे बहुधा शून्य किंवा रिकामी जागा उरते. पण त्या रिकाम्या जागेनेही शोधता येते: जुन्या भिंगातून टिपलेली सगळी चित्रे एका ओळीत येतात. शिवाय तारखेची नोंद कुणीतरी घड्याळ बरोबर लावले असेल तरच खरी, आणि वेळ कुठल्या देशाची हे लिहायला एक्झिफमध्ये २०१६ पर्यंत ठरलेली जागाच नव्हती. शटरचा वेळ कॅमेऱ्याने स्वतः पाळलेला असतो. त्याला कुणी घड्याळ लावून द्यावे लागत नाही.

खासगीपणाची भीती मात्र खरी आहे. याच नोंदीत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही बसतात. २०१२ साली फरारी असलेले अँटिव्हायरस उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे एका प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातल्या अशाच नोंदीवरून उघड झाले. त्यामुळे चित्र जगापुढे ठेवताना ठिकाण पुसावेच. त्यासाठी सगळी नोंद पुसण्याचे कारण नाही. ठिकाण वेगळे काढता येते. आज घरोघरी होते ते नेमके उलटे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होते आणि त्याची नोंद गळते. लग्नाची, बारशाची, वारीची चित्रे अनेक घरांत आता त्याच रूपात उरली आहेत. म्हणून घरच्यांना चित्र द्यायचे असेल तेव्हा ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ज्याने टिपले त्याच्याकडून मूळ फाइल आजच मागून घ्या.