रीस्टार्टच्या आधी

हिंजवडीहून नेऱ्याला परतताना आज डोक्यात एकच विषय होता: पहाटे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होणार. मायक्रोसॉफ्ट 2003 पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या देतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले असतात. दुरुस्त्या हव्यातच. पण सामायिक ड्रॉइंग कुणाकडे उघडंच राहिलं तर?

ऑटोकॅडमध्ये शेअर्ड फोल्डरमधली फाईल आधी उघडणाऱ्याच्या ताब्यात जाते, बाकीच्यांना ती फक्त वाचता येते. म्हणजे तिच्यातले बदल जपणं त्या एकट्याच्या हाती. ऑटोसेव्ह असतो, मूळ सेटिंगप्रमाणे दर 10 मिनिटांनी. पण ती प्रत सहसा त्याच मशीनच्या टेम्प फोल्डरमध्ये पडते, सर्व्हरवर नाही. सक्तीच्या रीस्टार्टनंतर तिथली एसव्ही-डॉलर एक्स्टेन्शनची फाईल शोधायची आणि तिला डीडब्ल्यूजी करायचं, हे नव्या मुलांना कुणी सांगतच नाही. मला ते फार खटकतं. त्या रेषांमागे कुणाची तरी दिवसभराची मेहनत असते.

म्हणून निघण्याआधी ग्रुपवर विचारलं, ड्रॉइंग कुणाकडे उघडं आहे? एकीचं होतं. ती घरी निघालीच होती. परत वर येऊन सेव्ह करून गेली. पुढच्या महिन्यापासून हा प्रश्न मंगळवारी दुपारीच विचारायचा.